बोटांची बदली

बँकेतल्या माणसाला बदलीचं भय दाखवू नये. वणी, घाटंजी, उमरखेड, पुन्हा यवतमाळ, असा मी जिल्हाभर फिरलेला आहे. कोणत्या गावी पोह्यांवरची तर्री किती जहाल मिळते, हे मी डोळे मिटून सांगू शकतो. बदलीचा हुकूम आला की दोन दिवस कुरकुरायचं, तिसऱ्या दिवशी बॅग भरायची आणि चौथ्या दिवशी नव्या शाखेत जुन्या शाखेचं गुणगान सुरू करायचं, हा आमचा शिरस्ता. महिन्याभरात माणूस रुळतो. नवा शिपाई आपला होतो, नवा चहावाला उधारी लिहून ठेवू लागतो. शरीराच्या सर्व अवयवांची बदली होते.

फक्त बोटांची होत नाही. बोटं हुकूम मानत नाहीत. ती जुन्या शाखेतच बसून राहतात. हा शोध मला वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी एका लग्नपत्रिकेनं लावून दिला.

त्याचं मूळ १९९८ सालात आहे. तेव्हा मी यवतमाळात बी. कॉम. करत होतो. सकाळी कॉलेजात जमा-नावे आणि दुपारी एका छापखान्यात चहा-नाश्त्यावर उमेदवारी, असा कार्यक्रम होता. छापखान्याच्या मालकांना सगळं गाव काकाजी म्हणत असे. खिळे जुळवण्यात त्यांचा हात धरणारा जिल्ह्यात कोणी नव्हता. इंग्रजी जुळवायला खिळ्यांच्या दोन केसेस पुरतात. आपल्या मराठीला काना, मात्रा, वेलांट्या आणि जोडाक्षरांचं खटलं सांभाळायचं म्हणजे कंपोझिटरच्या चहूकडे केसेस लागत. काकाजी मधोमध उभे राहत. डाव्या हातात स्टिक, शेवटच्या खिळ्यावर अंगठा, आणि उजवा हात न बघता त्या शेकडो खणांतून दाणे टिपत फिरायचा. नजर समोरच्या कागदावर आणि तोंडाने माझ्याशी भांडण.

त्या वर्षी छापखान्यात संगणक आला. नारळ फुटला, पडद्याला हळद-कुंकू लागलं. त्या खोलीत चपला घालून जायला बंदी झाली. काकाजी पंचावन्न वर्षांचे होते. पहिल्या दिवशी ते खुर्चीवर बसले आणि त्यांचा डावा हात आपोआप स्टिक धरल्यासारखा हवेत वळून राहिला. उजवा हात ‘म’ शोधायला निघाला तो की-बोर्ड ओलांडून थेट खिडकीतल्या उदबत्तीच्या घराकडे गेला. कारण त्यांच्या ‘म’चा खण तीस वर्षं तिथेच होता. आम्ही तिघं पोरं मागे उभी राहून हसलो. अगदी पोट धरून हसलो. काकाजींनी महिनाभर प्रयत्न केला. मग एक दिवस उठले आणि म्हणाले, “मले प्रूफ तेवढं देत जा बाप्पा. हे तुमचं तुम्ही बडवा.”

मग आम्ही बडवायला लागलो. कॉरेल ड्रॉ नावाची ती विद्या मला सहा महिन्यांत वश झाली. बँकेत लागलो तरी सुटली नाही. नात्यातल्या पत्रिका, वास्तुशांतीची निमंत्रणं, आमच्या कर्मचारी पतसंस्थेची स्मरणिका, एका साहेबांच्या निरोप समारंभाचा फलक (त्यात साहेबांचं नाव चुकलं होतं, पण ते जाणारच होते), असं सगळं माझ्या बोटांखालून गेलं. मी ‘बोटांखालून’ म्हणतो ते शब्दशः. माउस हातात धरून मेन्यूत शोधत बसणं हे नवशिक्यांचं काम. खरा कारागीर डाव्या हाताने बटणं दाबतो. एफ ७ म्हणजे वर्तुळ. एफ ४ म्हणजे सगळी आकृती डोळ्यांसमोर. ‘पी’ म्हणजे वस्तू कागदाच्या बरोबर मध्यावर, गणपतीसाठी हे फार सोयीचं. एफ ९ म्हणजे पडदाभर पत्रिका, यजमानांना दाखवायला.

आणि या सर्वांवर कळस म्हणजे कंट्रोल-क्यू.

याची महती थोडी सविस्तर सांगायला हवी. त्या काळी मराठी फाँट ज्याचा त्याचा वेगळा असे. आत सगळा इंग्रजी अक्षरांचाच कारभार. एखाद्या इंग्रजी अक्षराला ‘क’चं सोंग दिलेलं, दुसऱ्याला ‘ख’चं. आमची फाइल एस. टी.नं अमरावतीला प्लेटवाल्याकडे जायची. त्याच्याकडे तो फाँट नसला, की सोंग उतरून ‘चि. सौ. कां.’च्या जागी कंस, प्रश्नचिन्हं आणि इंग्रजी अक्षरांची खिचडी उमटायची. यावर उपाय एकच. सगळं काम झालं, शुद्धलेखन तपासलं, यजमानांनी मान डोलावली, की कंट्रोल-ए दाबून सगळं धरायचं आणि कंट्रोल-क्यू मारायचा. त्याबरोबर अक्षरांची रेषाचित्रं होतात. मग फाँट असो नसो, जगाच्या पाठीवर कुठेही ‘चि.’ तो ‘चि.’च राहतो. पुढे चूक मात्र सुधारता येत नाही, कारण ते अक्षरच उरलेलं नसतं. कंट्रोल-क्यू म्हणजे शेवटचा अक्षता-मंत्र. पाव शतक मी प्रत्येक कामाच्या शेवटी तो म्हटला.

आता बोटांच्या हट्टाचा अनुभव बँकेत आला नव्हता असं नाही. १ एप्रिल २०२० रोजी दहा सरकारी बँकांच्या चार झाल्या, त्या सरमिसळीत आम्हीही होतो. काही महिन्यांनी आमची संगणक प्रणाली बदलली. जुनीत नोंद पक्की करायला जे बटण होतं, ते नवीत पडदा पुसायला होतं. पेन्शनवाल्या आजोबांची नोंद मी तीनदा भरली आणि तीनदा पुसली. आजोबा शांतपणे म्हणाले, “घाई नाही साहेब, मी रिटायर आहे.” पण बँकेत बरोबरीचे सगळेच चुकत होते. सर्वांच्या चुकीला चूक म्हणत नाहीत, ‘संक्रमणकाळ’ म्हणतात.

घरचा संक्रमणकाळ मात्र माझ्या एकट्याच्या वाट्याला आला. मायक्रोसॉफ्टनं विंडोज एक्सपीची देखभाल २०१४ साली सोडली, पण माझ्या घरी तो त्यानंतरही दहा वर्षांवर नांदला. मोठ्या शेतकऱ्याच्या घरी म्हातारा बैल पोसतात, तसा. अखेर गेल्या उन्हाळ्यात चव्वेचाळीस अंशांत त्यानं मान टाकली. कॉरेलही त्याच्याबरोबर सती गेलं. माझ्याकडचं कॉरेल एका मित्राच्या मित्राकडून तबकडीवर आलेलं होतं. मी बँकेत नोकरी करतो, त्यामुळे या विषयावर अधिक बोलत नाही. नव्या यंत्रासाठी रीतसर विकत घ्यावं म्हणून किंमत पाहिली आणि कूलरसमोर जाऊन बसलो.

तेव्हा मुलीनं इंकस्केप आणून बसवलं. हे २००३ पासून जगभरच्या हौशी मंडळींनी मिळून वाढवलेलं आणि संपूर्ण फुकट. वर युनिकोड मराठी त्यात नीट उमटतं. आमच्या जुन्या कॉरेलमध्ये युनिकोडची जोडाक्षरं भाऊबंदकीसारखी फुटत. इथे ‘श्रीकृष्णार्पणमस्तु’ एका दमात जुळून येतं. माझ्या मनानं त्याला लगेच पसंती दिली. डोक्यानंही दिली. बोटांना कोणी विचारलंच नाही.

पहिला अपशकुन पहिल्याच शब्दाला झाला. आमच्या टाइपरायटरी पद्धतीत ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी दाबायची, जशी दिसते तशी. नव्या पद्धतीत आधी अक्षर, मग वेलांटी, जशी उच्चारतो तशी. आणि लग्नपत्रिका सुरू होते ‘चि.’नं! मी वेलांटी आधी दाबली. पडद्यावर एका ठिपक्याठिपक्यांच्या गोलावर ती वेलांटी बेवारशी लटकली आणि ‘च’ शेजारी अलिप्तपणे उभा राहिला. वर आणि वधू यांच्यात लग्नाआधीच इतकं अंतर मी पाहिलं नव्हतं.

मग एकेक बटण आपले रंग दाखवू लागलं. गणपती मध्यावर घ्यावा म्हणून ‘पी’ दाबला, तर गणपती जागचा हलेना आणि माझ्या हाती पेन्सिल आली. एफ ७ दाबला, वर्तुळाऐवजी रंग शोषणारी पिचकारी. पत्रिका पूर्ण पाहावी म्हणून एफ ९ दाबला आणि माउस जरासा ओढला, तर ‘शुभविवाह’ या शब्दावर एक लांबलचक जिलेबी उमटली. इथे एफ ९ म्हणजे सर्पिल! कंट्रोल-डी तर सर्वांत कावेबाज. दोन्हीकडे त्याचा अर्थ एकच, वस्तूची दुसरी प्रत. पण कॉरेल ती प्रत जरा बाजूला सरकवून दाखवायचं, आणि इंकस्केप ती मुळावरच तंतोतंत ठेवतं. काही झालं नाही असं वाटून मी पुन्हा दाबत राहिलो. अर्ध्या तासानं गणपती उचलून हलवला, तर खाली गणपती. तो हलवला, त्याखाली गणपती. एका पत्रिकेत अकरा निघाले. अष्टविनायकांपेक्षाही तीन जास्त!

एक एफ ८ तेवढा दोन्ही घरी अक्षरं लिहायचाच निघाला. माहेरचं माणूस बाजारात भेटावं तसा मला गहिवर आला. दिवसभरात कारण नसताना पाच-सात वेळा तो दाबला.

आता तुम्ही म्हणाल, बटणं ती बटणं, त्यांचं काय एवढं? तर आमच्या शाखेतला किस्सा ऐका. पुण्याहून एक अधिकारी बदलून आले. पहिल्या रविवारी भाजीवालीनं त्यांना विचारलं, “सांबार देऊ का, साहेब?” ते म्हणाले, “द्या, पण इडली?” आमच्याकडे सांबार म्हणजे कोथिंबीर, हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. शब्द तोच, पण पिशवीत पडणारी वस्तू वेगळी. बटणांचं असंच आहे. हाच कंट्रोल-डी फोटोशॉपमध्ये धरलेलं सोडून देतो आणि पेजमेकरमध्ये बाहेरचा मजकूर आत आणतो. या गोंधळाचा खरा तिटकारा एकाच माणसाला होता, लॅरी टेस्लर. झेरॉक्स कंपनीच्या कॅलिफोर्नियातल्या संशोधन केंद्रात १९७० च्या दशकात कापा-नक्कल करा-चिकटवा ही त्रयी ज्यांनी रूढ केली, त्यांतला हा प्रमुख. पुढे ॲपलच्या १९८३ सालच्या लिसा संगणकावर एक्स, सी, व्ही ही शेजारशेजारची बटणं त्या कामाला लागली आणि आज ती सर्व घरी सारखी आहेत. एकच बटण एकदा एक आणि एकदा दुसरं काम करतं, हे या गृहस्थाला इतकं असह्य होई की मोटारीच्या नंबरप्लेटवर त्यानं ‘नो मोड्स’ असं लिहून घेतलं होतं. २०२० मध्ये तो वारला. कंट्रोल-क्यूकडे त्याचं लक्ष जायला हवं होतं, असं मला राहून राहून वाटतं.

कारण इंकस्केपमध्ये कंट्रोल-क्यू म्हणजे ‘बाहेर पडा’.

पत्रिका माझ्या भाचीची होती. बहीण दिग्रसला असते. मेहुणे २०२१ च्या कोविडच्या लाटेत गेले. त्यानंतर दारव्ह्याच्या तीन एकरांवरून बहिणीचं आणि तिच्या मोठ्या दिरांचं, म्हणजे भाचीच्या मोठेबाबांचं, बोलणं बंद होतं. तेव्हा पत्रिकेत त्यांचं नाव घ्यायचं नाही, असं ठरलं होतं. मी ठरवलं नव्हतं. मामानं नावं ठरवायची नसतात, बसवायची असतात. मजकूर आधी तसाच बसवला आणि जपून ठेवला.

मग रविवारी संध्याकाळी बहिणीचे एकापाठोपाठ चौदा व्हॉइस मेसेज आले. मागे कुकरच्या शिट्ट्या. सूचना नेहमीच्याच, जावयांच्या नावापुढे ‘राव’ लाव, आत्याबाईंचं गाव बदल, वगैरे. नवव्या मेसेजात मात्र शिट्टी नव्हती. “दादा, मोठेबाबा आले होते दुपारी. म्हणाले, पोरीचं कन्यादान मी करतो. त्यांचं नाव सगळ्यात वर घेजो.” मग बराच वेळ काही नाही, आणि मग, “बाबू नसला तरी मी हाये न, असं म्हणाले ते.” बाबू म्हणजे आमचे मेहुणे.

मी नाव सगळ्यात वर घेतलं. बाकीच्या दुरुस्त्या केल्या. चित्र पाठवलं. रात्री सव्वाअकराला तिचा ‘ओके’ आला. मी खुर्चीत मागे रेललो, कृतार्थ झालो, आणि बोटांनी पाव शतकाचा मंत्र म्हटला. कंट्रोल-ए. कंट्रोल-क्यू.

पडद्यावर एक चौकट आली. बँकेतल्या माणसाला चौकटींचं काय? दिवसभरात दीडशे चौकटी येतात आणि आम्ही न वाचता पहिल्या बटणाला टिचकी मारतो. इथेही मारली. पहिलं बटण ‘जतन न करता बंद करा’ असं होतं, हे ती नाहीशी होता होता वाचलं.

“बाबा, सेव्ह नव्हतं केलं?” मुलगी म्हणाली. नव्हतं. जुनं यंत्र सेव्ह करताना अडकायचं, म्हणून मी शेवटीच करत असे. अशी एक प्रत कुठंतरी आपोआप जपलेली असते, असं मला पुढं कळलं. पण रात्री साडेअकराला ‘कुठंतरी’ हा पत्ता पुरेसा नसतो. मी आधीची फाइल काढून चौदाही मेसेज पुन्हा ऐकायला घेतले. कुकरच्या शिट्ट्यांत, डुलक्या खात. दीड वाजता काम संपलं. या वेळी अक्षरांची चित्रं माउसनं मेन्यूत शोधून केली, नवशिक्यासारखी. फाइल छापखान्यात धाडली आणि झोपलो.

छापखाना आता काकाजींचा मुलगा पाहतो. खिळे केव्हाच वजनावर मोडीत गेले. काकाजींनी ऐंशी ओलांडली आहे. ते काउंटरच्या कोपऱ्यात खुर्ची टाकून असतात. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी नमुना पाहायला गेलो. मुलानं तो माझ्यासमोर ठेवला. मी पाहिलं, छान म्हटलं. काकाजी समोरच्या बाजूला, म्हणजे त्यांना पत्रिका उलटी दिसत होती. जन्मभर उलटे खिळे वाचलेल्या माणसाला त्याचं काही नाही.

“काऊन बे,” ते म्हणाले, “पोरीचा मोठाबाबा जित्ता हाये न?”

“हो काकाजी.”

“मंग त्याचं नाव कुठं गेलं?”

माझ्या पोटात गोळा आला. नववा मेसेज! डुलकी नेमकी तिथे लागली असणार. “तुह्या बहिणीच्या लग्नात दोन्हीकडच्या पत्रिका आपणच छापल्या होत्या,” काकाजी शांतपणे म्हणाले, “वराकडचा निमंत्रक तोच होता. मी प्रूफ पाह्यलं होतं.” पंचवीस वर्षांपूर्वीचं प्रूफ! बहिणीनं ‘ओके’ दिलेली पत्रिका वेगळी आणि छापायला निघालेली वेगळी. पाचशे प्रती गावोगाव गेल्या असत्या. दारव्ह्याचं ते दार मग या जन्मी उघडलं नसतं, आणि कारण विचारल्यावर मी काय सांगणार होतो? कंट्रोल-क्यू?

काकाजी माझ्या डाव्या हाताकडे पाहत होते. मी घाबरून काउंटरवरच कंट्रोल-झेड दाबत होतो म्हणे.

“राहू दे,” ते म्हणाले, “मले तर उदबत्तीच्या घरात ‘म’ सापडे.” त्यांना माहीत होतं तर. आम्ही मागे उभे राहून हसत होतो, ते सगळं. मी मान खाली घालून चहा प्यालो. त्यांनीच मागवला होता.

संध्याकाळी घरी येऊन मजकुराची मूळ फाइल उघडली आणि नाव घातलं. या वेळी बायकोनं क्यूच्या बटणावर स्वतःची टिकली लावून दिली, लाल. हात गेला की थांबेल म्हणून. मुलीनं दुसरा उपाय काढला. इंकस्केपच्या सेटिंगमध्ये बटणांच्या पद्धती निवडायची सोय आहे आणि त्यात चक्क कॉरेलचं नाव आहे! मी आनंदानं ते निवडलं. दुसऱ्या दिवशी ती तिच्या प्रोजेक्टला बसली आणि घरात ओरड झाली, तिची सगळी बटणं पळाली होती. शिवाय माझी बोटं एव्हाना अर्धी नव्या शाखेत रुजू झालेली. ‘पी’ दाबला की आता मीच पेन्सिलीची वाट पाहू लागलो होतो. दोन दिवसांत ते पूर्ववत करून टाकलं. टिकली आहे अजून.

पत्रिका छापून आल्या. पहिली कळंबला चिंतामणीपुढे ठेवली, दुसरी घेऊन बहीण आणि मी दारव्ह्याला गेलो. मोठेबाबांनी चष्मा पुसला, लावला, पत्रिका हातभर लांब धरली आणि वरपासून वाचायला सुरुवात केली. पहिल्याच ओळीवर थांबले. बराच वेळ थांबले. बहीण पदराशी चाळा करत होती.

“अक्षर जरा ठळक पाहिजे होतं माझं,” ते म्हणाले.

घरी आल्यावर मी फाइल पुन्हा उघडून पाहिली. त्या जागी त्यांचं नाव एकावर एक चार वेळा होतं. कंट्रोल-डी. हे मी अजून कोणाला सांगितलेलं नाही.